माशाला माशी

कुसनमामाचं यंत्र म्हणजे सायकलच्या दुकानातली जुनी पक्कड,
मुठीला ट्यूबची पट्टी करकचून बांधलेली,
उंबरठ्याच्या फटीत उभी खोचलेली.
तिच्या दातांत सात नंबरचा गळ.
पुढचं सगळं बोटांचं.

आधी शिलाई मशीनचा काळा दोरा, मेणबत्तीवर ओढलेला.
मग बकरीच्या शेपटीचे चार केस.
मग घरच्या कोंबड्याच्या मानेचं तांबडं पीस
उलटं विंचरून, देठाशी धरून
गळाभोवती फिरवायचं: एक, दोन, अडीच.
"तिसरा वेढा देला का मंग ते माशी नाही रायत,
झाडनी होते."

डोक्याला मामीची नेलपॉलिश,
अर्जुनीच्या बाजारातली, जांभळी.
मामीने बाटली दोनदा लपवली,
तिसऱ्यांदा स्वतःच झाकण उघडून दिलं.

मासा, माशी.
चौथीत मी एकाचं स्त्रीलिंग दुसरं लिहिलं होतं
आणि बाईंनी लाल पेनाने मासोळी करून दिली होती.
मामाला दाखवलं तर म्हणाला,
तुह्या बाईले तलावावर घेऊन ये.

तलाव गावाच्या मागेच, मालगुजारीतला.
सगळे त्याला मामा तलाव म्हणत
आणि त्यातल्या मामाचा माझ्या मामाशी काही संबंध नाही
हे मला सातवीपर्यंत कळलं नव्हतं.
एवढं पाणी
आपलंच असणार, असं धरून मी पोहत होते.

मामाची माशी कशासारखीच दिसायची नाही.
हा कोणता किडा, मामा?
"कोनताच नाही. मरळाले वाटला म्हंजे झाला."

पोळ्याच्या आसपास
पाण्यावर तांबडा गोळा फिरायचा, ताटाएवढा,
उकळल्यासारखा:
मरळाची पिल्लं, हजारभर, श्वासाला वर आलेली.
खाली बाप.
तेवढे दिवस मामाची बांबूची काठी
छपराच्या वाशाला बांधलेली असायची.

त्याच दिवसांत नागपूरचे एक साहेब आले, पाटबंधाऱ्याचे.
त्यांनी ओट्यावर डबा उघडला:
फोमवर ओळीने बसवलेल्या माश्या, परदेशी,
ही ट्राउटची, ही स्टीलहेडची,
ही खाऱ्या पाण्यातल्या माशांना.
थंड नद्यांची नावं घेताना त्यांचा आवाज खाली यायचा.
मामाने एक उचलली,
उजेडाकडे धरली,
बराच वेळ.
"चांगली हाये जी. दोन वेढे जास्त झाले."

साहेब हसले. मग त्यांना गोळा दिसला.
त्याच्या मधोमध टाकली की बाप येतोच, म्हणाले,
भूक नसली तरी येतो.
"येते," मामा म्हणाला. "म्हनूनच नाही टाकत."
साहेब रीळ लावतच राहिले.

मामा घरात गेला.
वळचणीतली आपली एक माशी घेऊन आला,
उंबरठ्यातली पक्कड उपसली
आणि गळाचं वळण
तक् करून तोडलं.
तुकडा खिशात. माशी साहेबांच्या हातात.
"आता टाका."

पाणी फुटलं ते मी काठावरून पाहिलं.
काळं डोकं, ताटलीसारखा उघडलेला जबडा,
पिल्लांचा गोळा विखरून गवतात,
साहेबांची काठी कमानीसारखी वाकली
आणि लगेच सरळ झाली.
दोरी सैल.
कुणी काही बोललं नाही. मामीने चहा आणला,
त्यात साखर विसरलेली.
साहेबांनी तो तसाच प्यायला.
थोड्या वेळाने गोळा पुन्हा एकत्र आला,
आधीपेक्षा जरा लहान वाटला मला,
पण मी मोजले नव्हते.

आता पक्कड माझ्या टेबलाच्या खणात आहे, गोंदियात.
फट असलेला उंबरठा इथे नाही,
म्हणून ती पुस्तकांत दाबून उभी करते
आणि तिसऱ्या वेढ्याला हात अजून आपोआप थांबतो.

ती माशी साहेबांनी परत दिली होती.
अडीचातला दीड वेढा उरलाय.
जांभळ्या डोक्यावर
बारीक दातांची एक ओळ,
नखाने चाचपली तर लागते.